बेडकाचा चीक आणि वेलीचा काढा

गेल्या पंधरवड्यात आमच्या एका नेहमीच्या रुग्णाने मोबाईल पुढे केला. मुलगा नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये. मित्रांबरोबर तो तिथल्या एका आदिवासी औषधविधीला जाणार होता. "डॉक्टर, बेडकाचं औषध घेणार म्हणतोय. जाऊ द्यावं का?" प्रश्न साधा, पण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही.

या औषधाचे नाव 'कांबो'. ॲमेझॉनच्या जंगलात एक मोठा हिरवा झाडबेडूक असतो. पेरू-ब्राझील सीमेवरचे मात्सेस लोक तो रात्री पकडतात, पाय ताणून काठ्यांना बांधतात, अंगावरचा चीक खरवडून घेतात आणि बेडकाला सोडून देतात. पुढे दंडावर जळत्या काडीने बारीक चटके देऊन, वरची कातडी काढून, त्या जागी ओला केलेला चीक लावतात. (आपल्याकडे काविळीला डाग देणारे अजून आहेतच, पण ते निदान डागातून विष आत सोडत नाहीत.) थोड्याच वेळात अंग तापते, छाती धडधडते, चेहरा सुजतो आणि उलट्या सुरू होतात. शिकारीपूर्वी अंगातली मरगळ जावी, यश यावे म्हणून ही प्रथा. शहरांत मात्र नैराश्यापासून जुनाट दुखण्यांपर्यंत सगळ्यावर इलाज म्हणून तिचा प्रचार झाला. त्याला पुरावा नाही. ब्राझीलने २००४ मध्ये अशा जाहिरातींवर बंदी घातली, तर ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कांबोला बंदी असलेल्या विषांच्या यादीत टाकले.

चीक तर घातक आहेच, पण त्याआधी पाजले जाणारे पाणीही घातक ठरू शकते. उलटी सुलभ व्हावी म्हणून दोन-दोन लिटर पाणी एकदम प्यायला लावतात. मळमळीत शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडते. लघवी कमी होते, आणि प्यायलेले पाणी रक्तातच राहते. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ असावे, ते झपाट्याने खाली येते आणि मेंदूला सूज चढते. माणूस बरळू लागतो, डोके धरतो, झटके येतात. भोवतालच्यांना वाटते, औषध लागू पडले! ते आणखी पाणी पाजतात. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. जोराच्या ओकाऱ्यांनी अन्ननलिका फाटल्याचीही नोंद आहे. बी.पी.साठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे सोडियम आधीच कमी असू शकते. हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर या वाटेला जाऊच नये.

दुसरा प्रकार 'आयाहुआस्का' या काढ्याचा. एक वेल आणि एका झुडपाची पाने एकत्र उकळून तो करतात. पानांतले भास निर्माण करणारे द्रव्य एरवी पोटात गेले तर निकामी होते. वेल ते निकामी करणारे विकरच अडवते, म्हणून नशा चढते. पण हेच विकर मेंदूतल्या सेरोटोनिनचाही निचरा करते. त्यामुळे फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या चालू असताना हा काढा घेतला तर ताप, स्नायूंचा ताठरपणा, भ्रम आणि प्रसंगी मृत्यू. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांचाही धोका तोच. फ्लुऑक्सेटीन बंद केल्यावरही सुमारे पाच आठवडे अंगात राहते. आणि विधीसाठी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवल्या तर मूळ आजार उसळतो, ते वेगळेच. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया वा उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर या काढ्याला हात लावू नये.

पेरूने २००८ मध्ये या काढ्याच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवले. त्या लोकांच्या श्रद्धेची टर उडवण्याचे मला कारण नाही. पण वारसा म्हणून मान मिळाला, म्हणजे औषध निर्धोक ठरले असे नव्हे.

मी त्या गृहस्थांना "जाऊ नको म्हणा" असेच सांगितले. तरीही जायचेच असेल, तर चालू गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी, बी.पी. आणि ई.सी.जी. तपासून घ्यावे. इस्पितळ तासाभराच्या अंतरावर असावे. बरोबरच्या एकाने काहीही न घेता शुद्धीत राहावे. झटका, बरळणे, बेशुद्धी किंवा उलटीनंतर छातीत तीव्र कळ आली, तर थेट इस्पितळ गाठावे आणि कांबो घेतल्याचे व किती पाणी प्यायले ते लपवू नये. सोडियमची तपासणी त्यावरूनच सुचते. काढ्याची बाटली आठवण म्हणून सामानात आणू नये. त्यातले द्रव्य, डी.एम.टी., भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.