खात्यातली शिल्लक आणि गुपचूप कापला जाणारा दंड

पासबुकात मधूनच दिसणारी शे-दोनशेची कपात बऱ्याचदा किमान शिल्लक न राखल्याची असते. ही शिल्लक बहुतेक बँका महिन्याच्या सरासरीवर मोजतात. म्हणजे सरासरी १०,००० रुपये हवी असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात पंधरा दिवस २०,००० आणि उरलेले दिवस शून्य असलं तरी भागतं. बँकेने आधी कळवून महिनाभराची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे करायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. खातं उणे दिसलं तर शाखेत लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही हलत नाही.

कर्जाचा हप्ता परत गेला की मात्र दुहेरी फटका बसतो. तुमची बँक आकार लावते, कर्ज देणारीही लावते. ऑगस्ट २०२१ पासून हप्ते रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही वळते होतात, तेव्हा ‘सोमवारी भरू’ म्हणून चालत नाही. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-चार दिवसांनी मागून घ्यावी. शिल्लक टिकतच नसेल, तर किमान शिल्लकेची अट नसलेलं मूलभूत बचत खातं मागा. शाखेत ते आपणहून क्वचितच कुणी सुचवतं.