एसएसबी : ऐकीव गोष्टी आणि खरी निवड

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) लेखी परीक्षा पास झाली, की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कोट शिव, इंग्रजीचा क्लास लाव, चालू घडामोडी पाठ कर. टेबलापलीकडे कडक चेहऱ्याचे चार-पाच अधिकारी बसणार आणि अर्ध्या तासात निकाल लागणार, असंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (एसएसबी) निवड साधारण पाच दिवस चालते आणि त्यात समोरासमोर मुलाखत घेणारा अधिकारी एकच असतो. एनडीएच्या गुणवत्ता यादीत लेखीला 900 गुण आणि एसएसबीलाही 900. हे लक्षात घेतलं, तर नुसत्या कोटाने भागणार नाही हे कळतं.

पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापन चाचणी होते आणि एका धूसर चित्रावरून गोष्ट लिहून ती गटात सांगावी लागते. यात न टिकलेली मुलं त्याच दिवशी घरी परततात.

दुसरा गैरसमज पाठांतराचा. मानसशास्त्र चाचणीत साठ शब्द एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात मनात आलेलं वाक्य लिहायचं. क्लासमधली घोकलेली वाक्यं इथे आठवतातही, पण तोच मुलगा पुढे मैदानावर आणि मुलाखतीत वेगळाच दिसतो. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा हे तिघे स्वतंत्रपणे पारखतात आणि शेवटच्या दिवशीच्या बैठकीत आपापली मतं एकत्र मांडतात. लिहिलं एक, बोललं दुसरं आणि केलं तिसरं, ही विसंगती तिथे उघडी पडते. म्हणून मी मुलांना कळकळीने सांगतो, उसना मुखवटा घेऊन जाऊ नका.

मुलाखतीत देशोदेशीच्या राजधान्याच विचारतात, हाही समज. बातम्यांवर प्रश्न येतात, पण सुरुवात बहुधा तुमच्यापासून होते आणि तीही एका दमात : दहावीला किती टक्के, बारावीला किती, कमी का झाले, कोणते शिक्षक आवडायचे, कोणते नाही, का नाही, जवळचे मित्र कोण, सुट्टीचा दिवस कसा जातो. सगळं लक्षात ठेवून क्रमाने उत्तर द्यायचं. आधी भरून घेतलेला माहितीचा अर्ज अधिकाऱ्यासमोरच असतो. त्यात छंद म्हणून 'ट्रेकिंग' लिहिलं असेल, तर राजगडाच्या माच्या कोणत्या, हा प्रश्न येऊ शकतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही नावं खरोखर चढलेल्याला आठवावी लागत नाहीत. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'माहीत नाही, सर' म्हणणं केव्हाही बरं. थाप मारली की पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो.

मैदानावर पहिलवान हवा असतो, असं तालमीतल्या मुलांना वाटतं. वैयक्तिक अडथळ्यांना तीन मिनिटं असतात आणि तिथे दम लागतोच. पण फळी, बल्ली आणि दोर घेऊन ओझं पलीकडे न्यायच्या गटकार्यात आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस नजरेत भरतो. दुसऱ्याची कल्पना चालणारी दिसली, की तो स्वतःची बाजूला ठेवतो आणि फळीचं टोक धरून उभा राहतो.

गटातल्या इतरांना हरवायचं असतं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. एका तुकडीतून किती जणांची शिफारस करायची, याचा कोटा नसतो. अनेक जण निवडले जाऊ शकतात आणि कधी एकही नाही. शेजारचा चेस्ट नंबर लावलेल्या मुलाला मदत केल्याने तुमची जागा जात नाही.

आणि शिफारस म्हणजे नेमणूक नव्हे. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि मग गुणवत्ता यादी. उलट, नाव वगळलं गेलं म्हणजे दार कायमचं बंद झालं असंही नाही. वयात बसत असाल तर पुढच्या परीक्षेतून पुन्हा जाता येतं. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीचं पत्र आलेल्यांना तिथे मोफत तयारी करून घेता येते. महागड्या क्लासचे पैसे भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिथली चौकशी जरूर करा.