मेंदूचं संशोधन, खुला डेटा आणि आपली मुलं

सिंगापूरच्या पुंगोलमध्ये तरुण कुटुंबं जास्त. त्यामुळे मुलांच्या मेंदूवरच्या संशोधनाचा विषय इथल्या मराठी पालकांत निघाला की पहिली शंका ठरलेली असते: डेटा ‘खुला’ म्हणजे पोराचं नाव आणि चेहरा जगासमोर?

ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही. एमआरआयमध्ये मेंदूबरोबर नाक, ओठ, कपाळ यांची कातडीही टिपली जाते आणि त्यावरून संगणकावर चेहरा उभा करता येतो. 2019 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 84 स्वयंसेवकांची स्कॅन आणि फोटो चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, तेव्हा 70 जणांची जोडी बरोबर जुळली. म्हणूनच डेटा खुला करण्यापूर्वी स्कॅनमधला चेहऱ्याचा भाग काढून टाकतात आणि नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक घालतात. मेंदू शाबूत राहतो, समोरचा चेहरा मात्र कापल्यासारखा दिसतो. शिवाय ‘खुला’ म्हणजे दर वेळी कुणीही यावं आणि उचलून न्यावं असं नव्हे. यूके बायोबँकचा डेटा हवा असेल तर संशोधकाला अर्ज, मंजुरी आणि करार या वाटेनंच जावं लागतं.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो, कारण त्याच्या नादानं पालक मुलांवर शिक्के मारतात. वीस-पंचवीस जणांच्या स्कॅनवरून हुशारीची खूण सापडली, अशा बातम्या येतात आणि आपण त्या पुढे पाठवतो. 2022 मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये सुमारे 50 हजार जणांच्या डेटाचा अभ्यास मांडला. माणसामाणसांच्या मेंदूतले फरक आणि चाचण्यांतले गुण यांचा संबंध असतो, पण तो इतका क्षीण असतो की खात्रीनं पकडायला हजारो माणसं लागतात. छोट्या गटात तो योगायोगानं फुगून दिसतो आणि पुढच्या गटात सापडतच नाही. इतकी स्कॅन एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातली नाहीत. अनेक देशांतल्या संस्था एकत्र येतात त्या यासाठी.

स्कॅन हातात आली की उत्तर एकच निघणार, हेही खरं नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 108 जणांचा तोच डेटा 70 गटांना दिला होता. कुठल्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही प्रश्नांवर निष्कर्षही वेगळे निघाले. तेव्हा डेटाइतकीच आकडेमोडीची पद्धतही उघड असायला हवी.

डेटा किंवा कोड फुकट दिला की देशाचं नुकसान होतं, असंही काहींना वाटतं. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधले थॉमस येओ यांचं काम पाहावं. मेंदूच्या पृष्ठभागाची 7 आणि 17 जाळ्यांत विभागणी करणारा त्यांचा 2011 चा नकाशा 1000 जणांच्या स्कॅनवर बेतलेला आहे. त्यांच्या गटाचा संगणकीय कोड कुणालाही उतरवून घेता येतो, आणि ते नकाशे आज जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. 2025 मध्ये याच गटानं नऊ डेटासंच तपासून दाखवलं की नुसती माणसं वाढवणं पुरत नाही, प्रत्येकाचं स्कॅन किती वेळ चालतं यालाही महत्त्व आहे. सरासरी अर्ध्या तासाचं स्कॅन खर्चाच्या मानानं सर्वांत किफायतशीर ठरलं.

राहिला प्रश्न ‘आपण कशाला?’ हा. मोठ्या डेटासंचांत युरोपीय वंशाची माणसं प्रमाणाबाहेर आहेत. सिंगापूरच्या ‘गस्टो’ अभ्यासात 2009 पासून चिनी, मलय आणि भारतीय गरोदर स्त्रियांची नोंद झाली, आणि त्यांच्या मुलांची वाढ, मेंदूसकट, अभ्यासली गेली. भारतीय मुलांबद्दल बोलायला असा आधार जगात फार कमी ठिकाणी आहे.

संमतीपत्र समोर आलं तर डेटा कुणाला मिळणार, किती वर्षं राहणार आणि परदेशी जाणार का, हे जरूर विचारा. इथल्या 2015 च्या मानवी जैववैद्यकीय संशोधन कायद्यानुसार संमती केव्हाही मागे घेता येते. मात्र त्याआधी गोळा झालेली माहिती संशोधकांकडे राहू शकते, हे सही करतानाच समजून घ्यावं.