बोटभर ‘शार्क’

मत्स्यालयाच्या दुकानात ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा बोटभर चंदेरी मासा शार्क नसतोच. तो मेकाँग नदीतला पंगस, पूर्ण वाढला की चार फुटांवर जाणारा. थव्याने राहणारा हा बुजरा मासा दोन फुटी टाकीत जराशा हालचालीने उधळतो, काचेवर आपटतो, त्याचं तोंड सोलवटून निघतं. विक्रेत्याला हे ठाऊक असायलाच हवं, म्हणून सांगण्याची पहिली जबाबदारी त्याचीच, असं माझं ठाम मत आहे. ‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो’ हे तर ठरलेलं उत्तर. पण वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे आणि ताणामुळे, आणि ते दुखणं असतं. गिऱ्हाइकाने चौकशी करावी, हे मान्य. पण ज्याला माशाचं खरं नावच सांगितलेलं नाही, तो चौकशी कशाची करणार?

मग नकोसा झालेला मासा तळ्यात जातो. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. आपल्याकडे उजनी धरणात, काच साफ करणारा म्हणून खपवला जाणारा सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईकही नसतं. टाकीवर माशाचं नाव आणि पूर्ण वाढीची लांबी लिहिणं दुकानदाराला सक्तीचं करावं. त्यासाठी एक चिठ्ठी पुरते.