मनाच्या दुखण्यावर बोलण्याचा उपचार

शेतांतील पीक पिवळें पडूं लागलें म्हणजे कोणताही जाणता शेतकरी नशिबास बोल लावून स्वस्थ बसत नाहीं. पाणी साचून राहिलें, नत्र कमी पडलें, कीं मुळांशीं हुमणी लागली, हें तो एखादें रोप उपटून पाहतो आणि जसें कारण तसा उपाय योजतो. परंतु त्याच घरांतील कर्त्या पुरुषाची अन्नावरची वासना उडाली, पहाटे तीन वाजतां त्याची झोंप मोडूं लागली, बाजारास व लग्नकार्यास जाणें त्यानें सोडलें, तर ‘मन घट्ट कर’ यापलीकडे त्यास कोणी कांहीं सांगत नाहीं. मनाच्या दुखण्यांतही प्रकार असतात, आणि त्यांवर परीक्षा होऊन ठरलेले निरनिराळे उपचार आहेत, ही गोष्ट वाचकांपुढें मांडावी हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

‘नुसत्या बोलण्यानें काय होणार?’ असा प्रश्न आमच्या मंडळींत हटकून विचारला जातो, व तो गैर नाहीं. पारावर बसून धीर देणारा शेजारीही बोलतोच. परंतु मानसोपचारांतील बोलण्यास क्रम व मुदत असते. काय साधावयाचें हें उपचार करणारा व घेणारा मिळून आधीं ठरवितात, आणि प्रत्येक भेटींत मागील आठवड्यांत काय फरक पडला याचा हिशेब घेतला जातो. शिवाय, कोणाच्या जिवावर बेतण्याचा प्रसंग नसेल तर तेथें बोललेलें तेथेंच राहतें. गांवांत ह्या गोष्टीची किंमत मोठी आहे. भावकीच्या कानीं गेल्यास मुलीची सोयरीक मोडेल या भीतीनें कित्येक माणसें वर्षानुवर्षें मुकीं राहतात.

ह्या उपचारांपैकीं जुना व नांवाजलेला म्हणजे मनोविश्लेषणाचा. व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं उन्मादाच्या रोग्यांविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्याचें मूळ आहे. रोग्यास मनांत येईल तें बोलूं द्यावयाचें व बाळपणापासून दडपलेल्या दुःखांचा माग काढावयाचा, अशी ही पद्धति. आपल्या देशांत गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं कलकत्त्यास तिच्याकरितां संस्था स्थापिली. हिला काळ फार लागतो व खर्चही येतो, म्हणून शेतकऱ्याच्या वाट्यास ती क्वचितच येते. पुढें निघालेल्या पद्धति आंखूड व नेमक्या दुखण्यास लागू अशा आहेत. त्यांपैकीं चार येथें सांगतों.

पहिली वर्तनोपचाराची. तिचा विशेष उपयोग भीतीवर होतो. १९२४ सालीं अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं सशास भिणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असतां ससा दूर ठेवीत व दर वेळीं थोडा थोडा जवळ आणीत. अखेर तें मूल सशास कुरवाळूं लागलें. बुजऱ्या खोंडास जूं आधीं हुंगवून मग खांद्यावर ठेवतांना आपण हेंच करतों. सर्पदंशांतून वांचलेला गडी बांधावर पाऊल टाकण्यास कचरतो, विजेचा धक्का बसलेला मनुष्य विहिरीवरील पंपाजवळ जात नाहीं. अशांची थट्टा करून किंवा त्यांस दटावून उपयोग होत नाहीं; पायरीपायरीनें भीतीच्या जागेजवळ नेल्यानें होतो.

दुसरी पद्धति विचारांची. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास व फिलाडेल्फियाचे डॉ. ॲरन बेक यांनीं त्यापुढील दशकांत ती घडविली. एलिस यांच्या पद्धतीस मराठींत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, व आपल्याकडे तिचा प्रसार कि. मो. फडके यांनीं केला. दुःख केवळ घटनेनें होत नाहीं, घटनेचा आपण जो अर्थ लावतों त्यानें तें वाढतें, हें तिचें मर्म. सोसायटीचा हप्ता थकला ही घटना झाली. ‘माझी अब्रू गेली, मी घरास भार झालों’ हा तिचा लावलेला अर्थ. उपचारक त्या माणसाशीं वाद घालीत नाहीं, कीं गोड गोड विचार करावयास सांगत नाहीं. वहींत दोन रकाने पाडून, त्या म्हणण्यास पुरावा काय व त्याविरुद्ध पुरावा काय, हें तो त्याच्याकडूनच लिहवून घेतो. गांवांत आणखी किती जणांचे हप्ते थकले, त्यांस आपण भार मानतों काय, मुलांस आधीं बाप हवा कीं बेबाकीचा दाखला, असे प्रश्न त्यांत निघतात.

तिसरी पद्धति माणसामाणसांतील संबंधांची. अमेरिकेंतील क्लरमन व वाइसमन यांनीं १९७० नंतर ती बसविली. जवळच्या माणसाचा मृत्यु, घरांतील तंटा, आयुष्यांतील मोठा पालट आणि एकटेपणा, या चारांपैकीं कोणत्या ठिकाणीं गांठ बसली आहे तें पाहून ती सोडविण्याचा यत्न ह्या पद्धतींत होतो. आफ्रिकेंतील युगांडा देशांत तिची परीक्षा ३० खेड्यांत झाली व निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. थोडें शिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनीं स्त्रियांचे व पुरुषांचे निरनिराळे गट १६ आठवडे चालविले, आणि अशा गटांत बसलेल्यांचें नैराश्य इतर खेड्यांतील लोकांपेक्षां पुष्कळच अधिक उतरलें. दुःखी माणसें एकत्र बसलीं म्हणजे दुःख वाढतें, हा समज या परीक्षेनें खोटा ठरविला.

चौथी पद्धति आम्हांस शेतकऱ्याच्या स्वभावास सर्वांत जवळची वाटते, कारण तिचा आरंभ कामापासून होतो. नैराश्यांत मनुष्य म्हणतो, ‘मन लागलें म्हणजे काम करीन.’ ही पद्धति सांगते कीं, आधीं लहानसें काम कर, मन मागून येईल. आपल्या शेजारच्या गोव्यांत १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची परीक्षा झाली. नैराश्य तीव्र असलेले ४९५ प्रौढ रोगी घेतले. निम्म्यांस नेहमींची देखरेख व निम्म्यांस तिच्या जोडीला ६ ते ८ भेटींचा हा उपचार दिला. देणारे डॉक्टर नव्हते; मानसोपचाराचें पूर्वशिक्षण नसलेले व या कामापुरते तयार केलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनीं पाहतां, उपचार घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण नैराश्यांतून बाहेर पडले होते, तर नुसत्या देखरेखींत शेंकडा ३९. हे निष्कर्ष २०१७ सालच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यक पत्रांत छापले आहेत.

हा उपचार कसा चालतो तें उदाहरणानें सांगतों. समजा, पन्नाशीच्या एका शेतकऱ्याची कपाशी बोंडअळीनें गेली व तो अंथरूण धरून बसला. पहिल्या भेटींत त्याचा दिवस कसा जातो एवढेंच विचारतात व तास-तासाचा तक्ता करतात. दुसऱ्या भेटींत दोनच कामें ठरतात: सकाळीं गोठ्यांतील वैरण स्वतः घालावयाची आणि सायंकाळीं एका मित्राच्या ओट्यापर्यंत जावयाचें. तीं जमलीं कीं नाहीं, व जमलीं त्या दिवशीं मन कसें होतें, हें तक्त्यांत लिहावयाचें. एखादें काम न जमल्यास दोष न देता तें आणखी लहान करतात. मग अडचणींची यादी होते. तींत आपल्या हातचें व हाताबाहेरचें निराळें काढतात. पाऊस हाताबाहेरचा, कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज हातचा. तो अर्ज आणणें, तलाठ्याकडून उतारा घेणें, बँकेंत जाणें, अशा एकेक पायऱ्या पाडतात. झोंपेची घडी बसविणें व दारू आवरणें हेंही त्यांत येतें. शेवटच्या भेटींत, दुखणें पुन्हां डोकें वर काढूं लागलें तर प्रथम काय करावयाचें, तें लिहून ठेवतात.

ह्या उपचारांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांनीं कर्ज फिटत नाहीं व मालाचा भाव चढत नाहीं. शेतकऱ्याचें सारें दुःख त्याच्या मनांत आहे, असें जर कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. भावाचा व कर्जाचा झगडा त्याच्या जागीं लढविलाच पाहिजे. परंतु तो लढण्यास माणूस उभा पाहिजे. तसेंच, ज्यास नसलेले आवाज ऐकूं येतात किंवा भलते संशय येतात, त्यास डॉक्टरचें औषध अवश्य लागतें. तीव्र नैराश्यांतही औषध व बोलणें या दोहोंची जोड पुष्कळदां हितकर होते. चालू औषध मनानेंच बंद करूं नये.

हें सर्व आपल्याकडे होऊं शकतें काय? अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला, त्याचा अहवाल २०१७ सालीं आला. गांवांतीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन या दुखण्याविषयीं बोलले व पहिला आधार देऊं लागले. आरंभीं नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकीं सुमारें ४ जण उपचारास जात. दीड वर्षानें तें प्रमाण २७ झालें. लोक उपचार नाकारीत नव्हते, त्यांच्या दारापर्यंत तो पोंचला नव्हता, हाच याचा अर्थ.

आतां कर्तव्याचें सांगतों. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाची झोंप, भूक व कामाची इच्छा गेली असेल तर त्यास जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागांत न्यावें. ‘जीव नकोसा वाटतो काय?’ असें त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत उत्पन्न होत नाहीं, उलट मनुष्य मोकळा होतो. होय म्हणाल्यास त्यास एकटा सोडूं नये. अशा घरांत कीटकनाशकाचे डबे कुलपांत ठेवावे व किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. श्रीलंकेंत १९९५ नंतर अत्यंत विषारी औषधांवर निर्बंध आल्यावर दहा वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. कारण तो झटका पुष्कळदां घटकाभराचा असतो, आणि तेवढी घटका टळली कीं माणूस वांचतो. आणि कोणीं विष घेतलेंच, तर पोलिसांच्या भीतीनें घरांत लपवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता असेंच धरून चालावयाचें ठरविलें आहे.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनि सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते व मराठींतही बोलतां येतें. आमच्या प्रत्येक शाखेच्या चिटणिसांस विनंति आहे कीं, ज्या फळ्यावर रोजचे बाजारभाव लिहिले जातात, त्याच फळ्याच्या तळाशीं १४४१६ हा आंकडा ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि भाव पुसतांना तो पुसला जाणार नाहीं एवढी काळजी घ्यावी.