आजोबांचा दाढीचा ब्रश उकळू नका

नाशिकच्या गंगापूर रोडवरचे जुने बंगले एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. घर रिकामं करताना न्हाणीघराच्या कोनाड्यातून, ट्रंकेच्या तळातून दाढीचा एखादा जुना ब्रश हमखास निघतो. केस एकमेकांना चिकटून कडक झालेले, मूठ पिवळी पडलेली, बुडाशी साबणाचा पांढरा थर. मग तो थेट भंगारात जातो, नाहीतर घरातलं कुणी हौसेनं दुरुस्त करायला घेतं आणि त्या दुरुस्तीतच तो कामातून जातो. दुसऱ्या प्रकाराचं मला जास्त वाईट वाटतं. पन्नास वर्षं नुसतं पडून राहून ब्रशाचं जेवढं बिघडत नाही, तेवढं एका दुपारच्या घरगुती उपायांनी बिघडतं.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे, ‘उकळत्या पाण्यात टाकला की जंतू मरतात, ब्रश नव्यासारखा होतो.’ हे पूर्ण खरं नाही. उकळत्या पाण्यात केस ठिसूळ होतात, बुडाचा राळेचा किंवा रबराचा जोड सुटतो आणि सेल्युलॉइडची मूठ वेडीवाकडी होते. शिवाय ज्या जंतूची खरी धास्ती घ्यायला हवी, तो एवढ्यानं मरेलच याची खात्री नाही.

तो जंतू अँथ्रॅक्सचा. गुराढोरांच्या संदर्भात आपल्याकडे या रोगाला काळपुळी म्हणतात. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याच्या केसांचा पुरवठा आटला, तेव्हा पूर्वेकडून आणलेले घोड्याचे स्वस्त केस रंगवून बॅजरसारखे दिसतील असे ब्रश बनू लागले. त्यांतले काही नीट निर्जंतुक झालेले नव्हते. दाढी करताना कातडीला बारीक चरे पडतातच. तिथून जंतू शिरले आणि ब्रिटन व अमेरिकेत सैनिक आणि नागरिक आजारी पडले, काही दगावलेही. ब्रिटननं 1919 मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि 1920 मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. जुने ब्रश पुन्हा वापरात येऊ लागल्यामुळे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नियतकालिकात 2017 मध्ये या सगळ्या प्रकरणाचा नव्यानं आढावा घेतला गेला. आज असा धोका अगदी कमी आहे, पण तो शून्य मानू नये, असाच त्याचा मथितार्थ.

अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूचं सुप्त रूप, कोरड्या जागी दशकानुदशकं तग धरतात. ऊन, व्हिनेगर, डेटॉल, पाच-दहा मिनिटांची उकळी यांनी ते मरतीलच याची खात्री नसते. खात्री हवी तर दाबाखालची 121 अंश सेल्सिअसची वाफ लागते. ‘मग कुकर लावू का?’ असं कुणी विचारेल. लावू नका. तेवढ्या उष्णतेत केस, चिकटवण आणि मूठ यांतलं काहीच धड राहत नाही, आणि कुकर स्वयंपाकाचा आहे. तेव्हा ब्रश 1930 च्या आधीचा असेल, किंवा कधीचा आणि कुठला हे सांगता येत नसेल आणि केस जनावराचे असतील, तर केस काढून टाका आणि मूठ जपा. नंतरच्या काळातला, घरातल्याच माणसानं वापरलेला ब्रश मात्र धुऊन वापरायला हरकत नाही.

धुण्याबद्दलही गैरसमज आहेत. केसांच्या बुडाशी साचलेल्या पांढऱ्या थराला लोक बुरशी समजतात. पुष्कळदा तो साबणच असतो. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात सोसायटीच्या बोअरवर भागवावं लागलं की जड पाणी म्हणजे काय ते बादलीवरच्या पांढऱ्या कडांवरून कळतं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून पाण्यात न विरघळणारा चिकट मेणचट थर तयार करतं. त्यावर पुन्हा साबण चोळला की थर वाढतो. त्याला आम्लच लागतं.

पण ‘रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा’ हा सल्ला घातक आहे. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी, एवढं पुरे. आधी ब्रश साध्या कोमट पाण्यात भिजवा. मग फक्त केस या मिश्रणात बुडवून पाच-सात मिनिटं हलक्या हातानं फिरवा. मूठ आणि केसांचा जोड पाण्याबाहेर राहू द्या. पाणी गढूळ होताना दिसेल. आम्लानं सुटलेला मेणचटपणा भांडी घासायच्या पातळ साबणाच्या दोन थेंबांनी निघतो, म्हणून क्रम असाच ठेवा: आधी आम्ल, मग साबण, शेवटी भरपूर पाणी. एका वेळेत भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, मिश्रण कडक करू नका. ब्लीचला तर हातच लावू नका, त्यानं केस विरघळतात.

आपल्या घरांतला खास समज खोबरेल तेलाचा. कडक केस दिसले की तेल चोळायचं. ब्रशाला तेल लागलं की फेस धरत नाही आणि बुडाशी मुरलेलं तेल खवट होतं. डुकराच्या केसांचा ब्रश वापरानंच मऊ होतो, कारण त्याच्या केसांची टोकं हळूहळू फाटत जातात.

आता मूठ. पिवळट, गुळगुळीत मूठ दिसली की घरात चर्चा सुरू होते, ‘हस्तिदंत आहे, चांगली किंमत येईल.’ अशा बहुतेक मुठी हस्तिदंताच्या नसतात. अंगठ्यानं जोरात चोळून मूठ गरम करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच बनवलं जाई. तीक्ष्ण, औषधी वास आला तर बेकेलाइट किंवा त्याच्या जातीचं कॅटॅलिन. भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. तापवलेली सुई टोचून पाहायची जुनी रीत सोडून द्या, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. आणि मूठ खरोखरच हस्तिदंताची निघाली तरी किंमत येण्याचा प्रश्नच नाही. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. ती विकायला काढण्याऐवजी वनखात्याकडे चौकशी करा.

‘घासून चकचकीत केली की किंमत वाढते’ हेही चूकच. कॅटॅलिनचा मधासारखा पिवळा रंग वरच्या थरातच असतो आणि घासला की जातो. बुडावरची कंपनीची अक्षरंही पुसली जातात. तांब्या-पितळेची पावडर किंवा चिंच पितळी मुठीलाच ठीक. बाकी सगळ्या मुठींना ओला मऊ कपडा आणि थोडा साबण पुरतो. जुन्या रंगात शिसं आणि बेकेलाइटच्या काही प्रकारांत ॲसबेस्टॉस असू शकतं, त्यामुळे पॉलिशपेपरनं कोरडं घासणं घरात नको.

केस गळतात म्हणजे ब्रश संपला, असंही नाही. चार-दोन केस गळणं साधं आहे. पुंजकाच हातात आला तर केसांचा गुच्छ संपला, मूठ नाही. बाजारात तयार गुच्छ मिळतात, साधारण 20, 22, 24 मिलिमीटर व्यासाचे. जुने केस मुठीलगत कापा, मग उरलेलं बूड हळूहळू कोरून काढा. मुठीतली जुनी भोकं बरीचशी अरुंद असतात. रुंद करायची तर नाशिकच्या सातपूर किंवा अंबड भागात लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. कडेला दोन-तीन मिलिमीटरची भिंत राहिलीच पाहिजे. मूठ सेल्युलॉइडची असेल तर मशीन नको, हातानंच कोरा. नवा गुच्छ आधी न चिकटवता बसवून बघा, केस 45 ते 50 मिलिमीटर वर राहायला हवेत. भोक खोल असेल तर खाली वॉशर ठेवा. दोन भागांचं इपॉक्सी लावून पूर्ण 24 तास हात लावू नका. नवा गुच्छ मी कृत्रिम धाग्याचा घेईन. आजचे धागे मऊ असतात आणि पावसाळ्यातही लवकर वाळतात.

वाळवताना ब्रश उलटा टांगलाच पाहिजे, यालाही फारसा अर्थ नाही. पाणी नीट झटकणं आणि हवा लागणं महत्त्वाचं. ओला ब्रश बंद डब्यात किंवा बाथरूमच्या कोंदट कपाटात ठेवू नका, खिडकीत ठेवा.

घर रिकामं करताना असा ब्रश हाती आला, तर आधी मूठ ओळखा, मग केस कधीचे ते घरातल्या थोरांना विचारा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावा.