जिंकणे सोपे, पचवणे कठीण : संगणकावरचे रशियन साम्राज्य आणि कृष्णाकाठचा धडा

उंब्रज (जि. सातारा) – संगणकाच्या पडद्यावर ११ नोव्हेंबर १४४४ ही तारीख उमटते आणि जगाचा नकाशा उलगडतो. युरोपच्या पूर्व भागात, जंगलांनी वेढलेल्या प्रदेशात मॉस्कोचे राज्य दिसते. खेळाडूने ते निवडले, की पुढच्या सुमारे पावणेचारशे वर्षांत त्याचे रशियन साम्राज्य करून दाखवणे हे त्याच्यापुढचे आव्हान ठरते. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ या खेळमालिकेच्या चौथ्या आवृत्तीतील हा डाव खेळाडूंच्या विशेष आवडीचा आहे. नकाशावर आपला रंग पूर्वेकडे पसरत पसरत थेट प्रशांत महासागरापर्यंत पोहोचताना पाहण्यात एक वेगळेच समाधान असते.

मात्र, या डावात हरणारे बहुतेक जण लढाईत हरत नाहीत. ते जिंकलेल्या प्रदेशाच्या ओझ्याखाली दबून हरतात. प्रदेश जिंकणे सोपे आणि तो पचवणे कठीण, हे या खेळाचे सूत्र आहे. ते समजून घेण्यासाठी मॉस्कोपर्यंत जाण्याची गरज नाही. साताऱ्याहून कऱ्हाडकडे निघाले, की कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर उंब्रज लागते. याच परिसरात, तीनशे वर्षांपूर्वी, हिंदुस्थानातील तेव्हाच्या सर्वांत मोठ्या साम्राज्याला हा धडा मिळाला होता.

खेळ नेमका कसा?

संगणकीय खेळ म्हटले, की बंदुका झाडणे किंवा गाड्या पळवणे एवढेच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ या प्रकारात यातले काही नसते. खेळाडू सैनिक नसतो, एखादा विशिष्ट राजाही नसतो. तो संपूर्ण राज्याचा कारभारी असतो. करवसुली, सैन्यभरती, तह, विवाहसंबंध, व्यापार, धर्मविषयक धोरण आणि बंडांचा बंदोबस्त, हे सारे निर्णय त्यालाच घ्यावे लागतात. घड्याळ एकेका दिवसाने पुढे सरकते आणि हवे तेव्हा थांबवताही येते.

फिलिप थिबो यांनी तयार केलेल्या, १९९३ मधील पटावरच्या खेळावरून ही कल्पना आली. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स कंपनीने २००० मध्ये तिला संगणकावर आणले. चौथी आवृत्ती ऑगस्ट २०१३ मध्ये, तर पाचवी नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. चौथ्या आवृत्तीतील काळ १४४४ ते १८२१ असा आहे. रशियासाठी २०१७ मध्ये आणि भारतासाठी २०१८ मध्ये तिला स्वतंत्र पुरवण्या जोडण्यात आल्या. डावाच्या प्रारंभी महाराष्ट्राचा मोठा भाग बहामनी सुलतानांच्या ताब्यात असतो. पुढे मराठी संस्कृतीच्या एखाद्या राज्याने ठरावीक अटी पूर्ण केल्या, तर त्याला मराठ्यांचे राज्य स्थापन करता येते.

त्वेरचा व्यापारी चौल बंदरात

मॉस्कोच्या खेळाडूचे पहिले लक्ष्य शेजारची रशियन राज्ये असतात. त्यांत उत्तरेचे श्रीमंत नोव्हगोरोड प्रजासत्ताक येते आणि मॉस्कोला खेटून असलेले त्वेरही येते. प्रत्यक्ष इतिहासातही हेच घडले. तिसऱ्या इव्हानने १४७८ मध्ये नोव्हगोरोड आणि १४८५ मध्ये त्वेर आपल्या राज्याला जोडले.

यातील त्वेरशी महाराष्ट्राचा जुना परिचय आहे. अफनासी निकितिन हा त्वेरचाच व्यापारी. तो १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला आणि घोडा घेऊन जुन्नरला, तेथून पुढे बहामनींच्या बीदरला गेला. त्याने आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ त्याचा मृत्यू झाला. पुढे काही वर्षांतच त्याचे मूळ राज्यही मॉस्कोत विलीन झाले. खेळाडूच्या दृष्टीने त्वेर म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत घ्यावयाचा एक लहानसा प्रांत. पण तेथून निघालेला एक माणूस जुन्नरचा पावसाळा पाहून गेला होता.

पूर्वेकडची वाटचाल

रशियन राज्ये एकत्र झाली, की खेळाडू व्होल्गा नदीकडे वळतो. इतिहासात ‘भयंकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या इव्हानने १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये अस्त्राखान जिंकले. त्यानंतर येर्माकच्या कोझॅक टोळ्या उरल पर्वत ओलांडून सैबेरियात उतरल्या. १६३९ मध्ये इव्हान मोस्क्वितिनची तुकडी ओखोत्स्कच्या समुद्रकिनारी पोहोचली. कझानपासून प्रशांत महासागरापर्यंतचे हे अंतर रशियाने अवघ्या ८७ वर्षांत कापले.

खेळात यासाठी खास सोय आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या ‘रिकाम्या’ प्रदेशात रशियाला वसाहतवाले पाठवावे लागत नाहीत. राजनैतिक गुण खर्च केले, की तेथील वसाहत आपोआप वाढत जाते. हिवाळाही रशियाचा मित्रच असतो. थंडीत आणि उजाड प्रदेशात परकी सैन्य लढाईविनाच झिजते. स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने १७०८-०९ च्या हिवाळ्यात हा अनुभव घेतला आणि १७०९ मध्ये पोल्टावा येथे त्याचा पराभव झाला. १७२१ मध्ये पीटरने सम्राटपद धारण केले.

पचनाचे गणित

मग अडचण कोठे येते? खेळात राजाची कुवत प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी अशा तीन गुणांत मोजली जाते. जिंकलेला प्रत्येक प्रांत आपल्या राज्याचा कायदेशीर भाग करून घेण्यासाठी प्रशासकीय गुण मोजावे लागतात. ते पैशाने सहज विकत मिळत नाहीत; दरमहा थोडेथोडे जमतात. राजा दुबळा असेल, तर आणखी कमी जमतात.

जे प्रांत जिंकले, पण अद्याप पचले नाहीत, त्यांचे ओझे ‘अतिविस्तार’ म्हणून टक्क्यांत दाखवले जाते. हा आकडा शंभरापुढे गेला, की बंडे, फितुरी आणि भ्रष्टाचाराचे फेरे सुरू होतात. दुसरीकडे, शेजाऱ्यांच्या मनातील भीतीही मोजली जाते. ती मर्यादेबाहेर गेली, की कालपर्यंत एकमेकांशी भांडणारी राज्ये युती करून एकदम चाल करून येतात. म्हणूनच जाणकार खेळाडू एक लढाई जिंकल्यावर दहा-पंधरा वर्षे शांत बसतो. नवखा खेळाडू मात्र सैन्य मोकळे आहे म्हणून लगेच पुढची मोहीम काढतो आणि चार दिशांना पेटलेली बंडे विझवत बसतो.

कृष्णाकाठचा पुरावा

औरंगजेब १६८२ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्या वेळचा नकाशा रंगवला असता, तर जवळजवळ सारा हिंदुस्थान मोगलांच्या रंगात दिसला असता. प्रत्यक्षात मात्र साम्राज्याची ताकद येथूनच ओसरू लागली.

बादशहाने १६९९ च्या अखेरीस स्वतः किल्ले घेण्याची मोहीम उघडली. उंब्रजपासून जवळच असलेला, तळबीडच्या माथ्यावरचा वसंतगड प्रथम हाती आला. डिसेंबरमध्ये साताऱ्याला वेढा पडला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार महिन्यांहून अधिक काळ झुंजवला. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले आणि एप्रिलमध्ये सातारा मोगलांकडे गेला. त्याचे नाव ‘आझमतारा’ ठेवण्यात आले. पाठोपाठ परळीचा किल्लाही गेला.

एकेका किल्ल्यासाठी महिनेच्या महिने, प्रचंड दारूगोळा आणि कित्येकदा किल्लेदाराला द्यावयाची रक्कम, असा हा हिशेब होता. मोगल छावणी पुढे सरकली, की मराठे किल्ला परत घेत. सातारा पुढे काही वर्षांतच परशुराम त्र्यंबक प्रतिनिधींनी पुन्हा मिळवला. या सात वर्षांच्या झुंजीचे नेतृत्व करणाऱ्या महाराणी ताराबाई या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. ज्या गावच्या डोक्यावरचा किल्ला बादशहाने पहिल्यांदा घेतला, त्याच गावच्या घराण्यातील लेकीने त्याची मोहीम निष्फळ केली. १७०७ मध्ये औरंगजेबाचा अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मृत्यू झाला, तेव्हा तिजोरी खालावलेली आणि सैन्य थकलेले होते. खेळातील ‘अतिविस्तार’ या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ दुसरा नाही.

मराठ्यांचा मार्ग

हाच निकष मराठ्यांच्या विस्तारालाही लावता येतो. १६७४ मधील राज्याभिषेकापासून १७५८ मधील अटकेच्या मोहिमेपर्यंत ८४ वर्षे होतात. वेग जवळपास रशियाइतकाच, परंतु पद्धत वेगळी. १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा मिळाल्या. ठिकठिकाणी वसुलीचा हक्क आला, पण मूळचा कारभार पुष्कळदा जुन्याच हाती राहिला. दूरच्या मुलखात शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची स्वतंत्र सत्ताकेंद्रे उभी राहिली.

खेळात मांडलिकांची ‘स्वातंत्र्याची ओढ’ मोजली जाते. मांडलिक बलाढ्य झाले, की ती वाढते आणि अर्ध्यापुढे गेली, की ते हाक देऊनही येत नाहीत. अठराव्या शतकातील मराठी राजकारण पाहिले, तर हा हिशेब ओळखीचा वाटतो. पंजाबमधील ठाणी वर्ष-दीड वर्षात हातची गेली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले.

तरीही केवळ पद्धतीवर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. रशियाला सैबेरियात विरळ लोकवस्ती आणि विखुरलेल्या जमाती भेटल्या. मराठ्यांना दाट वस्तीचे सुभे, अब्दालीसारखा शत्रू आणि समुद्रावरून आलेली कंपनी भेटली. दोघांच्या पटावरची सोंगटीच निराळी होती.

नकाशा काय दाखवत नाही?

खेळाची मर्यादा येथेच सुरू होते. चौथ्या आवृत्तीत सैबेरियाचा मोठा भाग ‘रिकामा’ दिसतो. तो रिकामा नव्हता. तेथे एव्हेंक, याकूत, चुकची असे अनेक समाज राहत होते. त्यांच्याकडून ‘यासाक’ नावाचा कर मौल्यवान कातड्यांच्या रूपाने वसूल केला जाई. तो चुकू नये म्हणून त्यांची माणसे ओलीस ठेवली जात. देवीच्या साथीने त्यांतील कित्येक वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. वसाहतीचा आकडा तेवढा वाढतो.

१६४९ हे एक वर्ष घेतले, तरी ही उणीव ध्यानात येते. त्या वर्षी मॉस्कोत नवी कायदेसंहिता झाली आणि रशियन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्यांसाठी जमीनदाराच्या जमिनीशी बांधला गेला. परंपरेनुसार त्याच सुमारास, शके १५७१ मध्ये, समर्थ रामदासांनी उंब्रजला मारुतीची स्थापना केली. त्यांच्या अकरा मारुतींत त्याची गणना होते. दोन्ही घटनांनी सामान्य माणसांच्या आयुष्याला वळण दिले. नकाशावरचा रंग मात्र दोन्हींनी बदलला नाही. खेळातील सर्वांत लहान घटक प्रांत हा असल्याने उंब्रजसारख्या गावाला तेथे जागाच नाही. पाचव्या आवृत्तीत लोकसंख्येचा हिशेब अधिक तपशिलाने ठेवला जातो, ही सुधारणा म्हणायला हवी.

हा प्रश्न केवळ जुन्या इतिहासाचा नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा खेळातील नकाशावर सहज रंगवली जाणारी कीव्ह, खारकीव्ह ही नावे बातम्यांत वेगळ्याच अर्थाने आली. तळघरांत आसरा घेणारी कुटुंबे कोणत्याही टक्केवारीत बसत नाहीत.

म्हणून असे खेळ टाकाऊ ठरत नाहीत. साम्राज्ये का कोसळतात, याची कारणे पाठ्यपुस्तकातील मुद्द्यांपेक्षा येथे लवकर कळतात, कारण चुकीची किंमत खेळाडूला स्वतः मोजावी लागते. घरात एखादा मुलगा वा मुलगी असा डाव खेळत असेल, तर पालकांनी तो बंद करण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाहावा : हा प्रांत घेतल्यावर तेथील कारभार कोण पाहणार आणि तेथल्या लोकांचे काय होणार? पहिल्या भागाचे उत्तर खेळात सापडते. दुसऱ्यासाठी इतिहासाची पुस्तके उघडावी लागतात, आणि जमल्यास एखाद्या रविवारी वसंतगडही चढावा लागतो.